बंपरमागची सोंड

१३ एप्रिल, रविवार

गाडीला धाप लागते म्हणे! म्हणून गंगाधरराव तिला नवीन नाक बसवणार आहेत.

आईनं फोनवर पाऊण तास हेच सांगितलं. बॉनेटखाली सगळं तापतं, तीच तापलेली हवा इंजिन आत ओढतं, गरम हवा विरळ असते, म्हणून कुरवंड्याच्या चढाला एसी लावला की गाडी रडते. बाहेरची थंड हवा पाईपानं सरळ आत नेली की जोर येणार. हे ती मला सांगते! अकरा वर्षं मी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरला बसतेय. रोज वीस-पंचवीस जॉब कार्डं लिहिते. असला संशोधक आठवड्याला एक तरी येतोच — स्वतःच्या हातानं गाडीची वाट लावतो आणि मग आम्हाला विचारतो, आवाज कसला येतोय हो.

गंगाधररावांनी उभा जन्म लोणावळा स्टेशनात तिकिटं दिली. पाना आणि पक्कड यांतला फरक सांगता आला तरी पुष्कळ झालं.

आईचा नवरा. लिहिताना अजून पेन अडतं. बासष्टाव्या वर्षी लग्न! जानेवारीत साक्षीदार म्हणून सही केली मी, जेवायला थांबले नाही. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, मान्य. पण ती नऊ वर्षं ती माझ्याकडं वराळ्याला राहिली. काय कमी होतं इथं?

१९ एप्रिल

आज एक महाशय आले. एअर फिल्टरच्या डब्याला बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या, सेलोटेपनं. थंड हवेसाठी! बर्फ वितळून सेन्सर गेला. शेजारच्या काउंटरचा रतन कॉम्प्युटरमागं तोंड लपवून हसत होता. मला हसू आलं नाही. आमच्याच घरात एक आहे.

४ मे, रविवार

लोणावळ्याला जाऊन आले. बघितलं ते नाक.

स्वयंपाकघरातल्या चिमणीचा तो चुण्यांचा पाईप असतो ना, तो. त्याचं एक टोक एअर फिल्टरच्या डब्याला, दुसरं पुढच्या जाळीमागं. मधे जर्मनच्या परातीचा पत्रा कापून आडोसा केलाय — इंजिनाची धग पाईपाला लागू नये म्हणून. पत्र्याच्या कडेला रबर लावलंय, कुकरच्या जुन्या रिंगा कापून. आईच्या परातीची आणि आईच्या कुकरची वाट लागली आणि ती कौतुकानं दाखवतेय! "आम्ही याला सोंड म्हणतो."

आम्ही!

फ्रिजमधलं तापमान बघायचं वायरवालं यंत्र मिळतं, त्याची वायर डब्यात सोडलीय. एक शाळेची वही केलीय. बाहेर छत्तीस, आत आधी एकसष्ट, आता चव्वेचाळीस. पानंच्या पानं, तारीख-वारासकट. अक्षर आईचं. म्हणजे साहेब प्रयोग करणार आणि बायको लिहून घेणार. बाबांचे पगारपत्रकाचे कागदही तीच भरायची. नशीबच तसलं.

तिच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. पत्रा लागला म्हणाली. आता पत्रेही हिलाच धरायला लावतात का?

गंगाधररावांना मुद्दाम विचारलं, काका, फिल्टरच्या आधी पाईप आवळलाय कशानं? ते आईकडं बघायला लागले. मग म्हणाले, चहा टाकतो. उत्तर येत नाही तेव्हा चहा! चहा बाकी बरा करतात.

११ मे

आईचा फोन. एसी लावून कुरवंड्याचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढली म्हणे. आधी पहिला टाकावा लागायचा. आवाज असा की दहावीचा निकाल लागलाय.

मी म्हटलं, उतरताना थांबली ना? तिनं फोन ठेवला. बरं झालं.

२५ मे, रविवार

गेले नाही. घर आवरलं. आईच्या कप्प्यात एक टेस्टर आणि स्क्रू-ड्रायव्हरचा डबा सापडला. बाबांचा असेल. ठेवून दिला.

रविवारी एकटीसाठी काय करायचं? वरणभात.

१५ जून, रविवार

आज बघितलं ते मुद्दाम लिहून ठेवते.

तुंगार्लीत आईकडं पोचले तेव्हा भुरभुर चालू होती. अंगणात गाडी. आई चिखलात गुडघ्यावर, डोकं बंपरखाली, आणि गंगाधरराव तिच्यावर छत्री धरून उभे! दुसऱ्या हातात टॉर्च. सदुसष्ट वर्षांचा धडधाकट माणूस कोरडा उभा आणि म्हातारी चिखलात. माझं डोकंच फिरलं. तरी काही बोलले नाही. मी त्या घरात पाहुणी आहे, एवढं कळतं मला.

सोंड आता लांबवलीय. जाळीमागं हवा अजून गरमच लागते म्हणून तोंड खाली नेलं — उजवीकडचा फॉग लॅम्प काढून त्याच्या जागी. वहीत आकडा अडतीसवर आला. दोघं खूश.

मी वाकून बघितलं. पाईपाचं तोंड जमिनीपासून जेमतेम दोन विती.

कंपनीनं ते तोंड वर ठेवलेलं असतं ते तिथले लोक मूर्ख आहेत म्हणून नाही. रस्त्यावर गुडघाभर पाणी आलं की असली सोंड हवेऐवजी पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन तिथंच अडतो, आतला दांडा वाकतो, इंजिन संपलं. जागच्या जागी. मावळात जुलैमध्ये गुडघाभर पाणी कुठं नसतं?

एका वाक्यात सांगता आलं असतं.

आईनं विचारलं, "कसं झालंय?"

मी म्हणाले, "छान झालंय."

ती हसली. हाताला ग्रीस तसंच, त्याच हातानं केस मागं सारले.

चालू दे. एकदा भर रस्त्यात बंद पडू दे. मग समजेल तिकीटबाबूला, सर्व्हिस सेंटर कशासाठी असतात.

१६ जून

सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं त्यांनी. असली माणसं ऐकत नाहीत.

५ जुलै

पाणी प्यालेल्या दोन गाड्या आज टोचनवर आल्या. एकीत आत मासोळी होती — खरंच! रतननं फोटो काढला.

दुपारी फोन हातात घेतला होता. आईचं नाव काढलंही. काय सांगणार, मागच्या महिन्यात दिसलं होतं पण बोलले नाही? फोन ठेवला. ते पावसात कशाला बाहेर पडतायत.

२४ जुलै

अंग फणफणलंय. एकशे दोन. सुट्टी टाकली.

२५ जुलै, शुक्रवार

ताप. सकाळी आईला फोन केला. येते म्हणाली, मऊ खिचडी घेऊन. मी म्हटलं, ये.

२६ जुलै

ताप उतरला.

काल दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आई बोलत होती. मळवलीजवळ रस्त्यावर पाणी होतं. पुढच्या दोन गाड्या निघून गेल्या म्हणून यांनीही घातली. मधोमध इंजिन एकदा खोकलं आणि बंद. पाणी चढायला लागलं. दोघं दार ढकलून बाहेर पडले, हात धरून चालायला लागले. गंगाधररावांचा पाय रस्त्याच्या कडेच्या चरात गेला आणि ते पडले. पाण्यानं आठ-दहा पावलं ओढत नेलं. आईनं शर्ट सोडला नाही, तीही ओढली गेली. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर पाण्यात घालून दोघांना काढलं.

खुब्याचं हाड मोडलंय. तळेगावच्या हॉस्पिटलमध्ये आहेत. उद्या ऑपरेशन.

मला पाईप आठवला नव्हता असं इथं लिहिणार होते. आठवला होता. 'ये' म्हणताना आठवला होता. मग वाटलं, लोकलनं येतील. मग वाटलं, मला ताप आहे, आई यायला हवी. एवढंच वाटलं.

२७ जुलै

ऑपरेशन झालं. आई बाहेर बाकावर बसून होती, कालचीच साडी. माझ्याकडं अंघोळीला चल म्हटलं तर नाही म्हणाली.

हे सगळं कुणामुळं, ते तिला कळतंय की नाही? हौशी कारागीर! आज बोलणार होते. त्यांना वॉर्डात आणलं तेव्हा चेहरा राखेसारखा होता. उद्या बोलेन.

२८ जुलै

मळवलीला गेले होते. गाडी ज्यांनी ओढून काढली त्या केरबा भाऊंच्या खळ्यात उभी आहे, सीटांवर गाळ. तेच ट्रॅक्टरवाले. साठीचे असतील, भात लावून आलेले, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले.

मी सवयीनं चावीला हात लावला तोच ते म्हणाले, "चालू करू नगा ताई. मावशी सांगून गेल्यात. लय पानी प्यालीया ती."

मला वाटलं, त्यांची ऐकण्यात चूक झाली. विचारलं, कोण मावशी?

"तुमच्या आई. परवा कागदपत्रं न्याया आलत्या. हितंच बॉनेट उघाडलं, फिल्टर काढून पिळला. म्हनल्या, माजंच चुकलं, तोंड वर घ्याया पायजे हुतं. आन् त्या दिशी पान्यात गाडी त्याच चालवत हुत्या की. आबा बाजूला बसल्याले."

मी बॉनेट उघडलं. पत्र्याचा आडोसा नीट बघितला. पहिल्यांदाच. कडा मुडपून घेतल्यात, कुणाला कापू नये म्हणून. चार भोकं, चारी एका रेषेत. जोडाला दोन क्लिपा, आवळून झाल्यावर शिल्लक टोकं आत वळवलेली. आमच्या वर्कशॉपमधला कुणी इतकं निगुतीनं करत नाही.

आई शिलाई मशीन उघडून बसायची. मिक्सर, इस्त्री, गिझरची वायर. बाबा हसायचे — झाली सुरू आमची कारखानदारीण! मीही हसायचे. ती गाडी शिकली अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी क्लासचे पैसे भरले आणि माझी गाडी एकदाही तिच्या हातात दिली नाही. ठोकशील म्हणाले.

छत्री. वही. बोटांच्या पट्ट्या. सगळं समोर होतं. मी त्यांना हसत होते.

खळ्यातच बसले थोडा वेळ. केरबा भाऊंनी पाणी दिलं. पोरीला बापाची काळजी असं त्यांना वाटलं असेल.

२९ जुलै

आई औषधं आणायला खाली गेली तेव्हा गंगाधररावांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, रागावणार. उलट तेच गयावया करायला लागले.

"सारिका, तिला काही बोलू नकोस. नातेवाईक विचारतील तर पाईप मी बसवला म्हणून सांग. मीही तेच सांगतोय सगळ्यांना. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी नुसता उजेड धरायचो. पण तिच्याकडं कुणी बोट दाखवलं तर ती परत पान्याला हात लावणार नाही."

एवढं बोलून दमले. मी हो म्हणाले.

सहा महिने ज्या माणसाला मी या वहीत तिकीटबाबू म्हणतेय, तो मोडक्या हाडानं पडून बायकोच्या पान्याची काळजी करतोय. आणि मी?

३१ जुलै

आई आज अंघोळीला घरी आली. न्हाऊन स्वयंपाकघरात बसली, ओल्या केसांनी. एकदम म्हणाली, तोंड खाली नेलं तीच चूक. आकडा कमी दिसतोय म्हणून हावरटासारखं खाली नेलं. तापमान मोजलं, पाणी मोजलं नाही.

मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

मग ती म्हणाली, "तू बघितलं होतंस ना त्या दिवशी? पण तुला तरी कुठं दिसणार, पावसात उभ्या उभ्या बघितलंस."

माझ्यासाठी तिनं आयतं कारण काढून दिलं. मी म्हणाले, "हो, नीट दिसलं नाही."

दोन पोळ्या खाल्ल्या तिनं. एक त्यांच्यासाठी बांधून घेतली.

१ ऑगस्ट

रतन विचारत होता, आईच्या गाडीला काय झालं. पाणी गेलं म्हटलं. तो म्हणाला, कुणी बसवून दिला होता पाईप? लोकांना अक्कल नसते.

मी त्याला तोंड आवर म्हणाले. सगळा काउंटर बघायला लागला. अक्कल नसते म्हणे! मीच रोज म्हणते ते, त्याच सुरात. त्याच्या तोंडून किती घाण वाटलं.

६ ऑगस्ट

डिस्चार्ज. वॉकर घेऊन चार पावलं टाकली. आई मोजत होती. लोणावळ्याला सोडून आले.

वही टेबलावर नव्हती. वायरवालं यंत्र परत फ्रिजला लावलंय.

१० ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

गंगाधरराव आत झोपले होते. आई ओट्याशी शेंगा सोलत होती. मी म्हटलं, आई, मला दिसलं होतं. जूनमध्ये. तोंड खाली आहे, पाणी ओढणार, इंजिन बंद पडणार — सगळं तेव्हाच कळलं होतं.

ती शेंगा सोलायची थांबली नाही. "मग छान का म्हणालीस?"

खोटं सांगायची सोय होती. घाईत होते, विसरले, वाटलं तू पावसात नेणार नाहीस. दहा कारणं तयार होती. काउंटरवर बसून मला कारणं पाठ झालीत. पण तोंडातून खरं तेच आलं.

"मला वाटलं, त्यांनी केलंय."

मग तिचे हात थांबले. आतल्या खोलीकडं बघितलं तिनं, दार लोटलेलं होतं. आवाज न चढवता म्हणाली, "म्हणजे तो माणूस पाण्यात गेला असता तर तुला चालणार होतं."

मी नाही नाही म्हणत राहिले. इतकं नव्हतं वाटलं, नुसतं बंद पडावं, नुसती फजिती व्हावी, एवढंच. माझं मलाच ऐकू येत होतं ते कसं वाटतंय. नुसती फजिती!

तिनं सोललेल्या शेंगा पातेल्यात टाकल्या, टरफलं गोळा केली, ओटा पुसला. म्हणाली, "साडेपाचची लोकल मिळेल तुला."

चप्पल घालताना आतून गंगाधररावांचा आवाज आला, सारिका जेवून जाणार आहे ना? आई म्हणाली, नाही, तिला काम आहे.

११ ऑगस्ट

फोन उचलला नाही.

१७ ऑगस्ट

नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

फोन गंगाधररावांनी घेतला. आरती झाली, वॉकरशिवाय दाराशी जाऊन आलो, असं सगळं सांगितलं. गाडीचं इंजिन गावातल्या गॅरेजात उतरवलंय. आई रोज सकाळी दोन तास तिथं जाऊन बसते, आता मिस्त्री तिला नुसतं बसू देत नाही, पार्ट धुवायला देतो. हसत होते सांगताना.

म्हटलं, देता का तिला? म्हणाले, ती अंगणात आहे. मग म्हणाले, मी सांगून बघितलं, सारिका. दोनदा.

म्हणजे माझी रदबदली तेच करतायत. मी पहिल्यापासून या माणसाबद्दल जे जे लिहिलंय ते वाचून काढलं आज. फाडणार होते. नाही फाडलं. माझंच अक्षर आहे.

७ सप्टेंबर, रविवार

घर आवरलं. कप्प्यातला तो टेस्टर आईचा असणार. बाबा साधा बल्बही बदलत नसत.

२० सप्टेंबर, शनिवार

आई आली होती, सर्व्हिस सेंटरला. स्वतः गाडी चालवत, एकटी. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. व्हील अलाइनमेंट करायची होती, लोणावळ्याच्या गॅरेजात ते मशीन नाही.

रतनच्या काउंटरला चार माणसं होती. माझ्यासमोर कुणीच नव्हतं.

ती रतनच्या रांगेत उभी राहिली.